तात्यांची गळकी मोटार

सातारा, शुक्रवार, ८ डिसेंबर १९४४

प्रमोदिनी,

वर 'चिरंजीव' लिहावं की 'सौभाग्यवती', यातच माझी सकाळ गेली. सौभाग्यवती असं तुला मी आजवर लिहिलेलं नाही. शेवटी नुसतं नाव लिहिलं. ते आम्हीच ठेवलेलं आहे, तेवढा हक्क असेल.

तुझं दिवाळीचं पत्र मिळालं. नेहमीसारखं शेजारच्या भामाबाईंच्या पत्त्यावर आलं आणि त्यांनी ते पदराखालून आणून दिलं. 'आई, तुझा यात काही दोष नाही' हे वाक्य याही वर्षी होतं. तीन दिवाळ्या झाल्या, ते वाक्य काही तू गाळत नाहीस. उत्तर द्यायला मला दीड महिना लागला.

आपली मोटार दुरुस्तीला काढली आहे. लढाई सुरू झाल्यापासून पेट्रोलची कुपनं कमी होत गेली आणि दीड वर्ष ती पत्र्याच्या शेडमध्ये पोती पांघरून उभी होती. आता बाहेर काढायचं कारण असं, की तुझ्या तात्यांची पाठ फार दुखते. सांगलीला एका डॉक्टरांना दाखवायचं ठरलं आहे. रेल्वेनं जायचं म्हणजे सातारा रोड स्टेशनपर्यंत टांगा आणि पुढे लाकडी बाक. तेवढं बसवत नाही त्यांना. मोटारीत मागच्या बाकावर आडवं तरी होता येईल. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पेट्रोल मिळालं. चालवायला मानसिंग आहे. तुला तो आठवणार नाही. लष्करात मोठ्या गाड्या चालवायचा, इजिप्तमध्ये एका कानानं बहिरा झाला म्हणून घरी पाठवला.

मंगळवारी तात्यांना उशांवर निजवून फाटकापर्यंत नेऊन पाहिलं. फाटकातला तो खड्डा तुला माहीत आहे. चाक त्यात गेलं आणि मोटार वर-खाली होत राहिली, थांबेचना. तात्यांना उतरवून घेतलं तेव्हा त्यांच्या ओठाला रक्त होतं. दातानं चावलेला.

मानसिंगानं पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या पंख्यावर दोन्ही हात दाबले, सोडले, आणि मोटार डुलताना बघत उभा राहिला. म्हणाला, "वकीलसाब, हिच्या चारी शॉकपातलं त्याल गेलंय. ही आता मोटार न्हाई, पाळणा हाय."

शॉकप म्हणजे चाकांपाशी त्या चार लोखंडी डब्या असतात ना, ज्यांतून एक दांडी बाहेर येते. आत तेल असतं, दांडी हलली की ते तेल तिला हळू करतं, म्हणून धक्का माणसापर्यंत पोचत नाही. तात्या त्यांना 'धक्केखाऊ' म्हणायचे. तू लहानपणी विचारायचीस, एवढे धक्के खाऊन त्यांचं पोट दुखत नाही का.

सांगलीला आलो, तर तुमच्या दाराशी घटकाभर मोटार थांबवली तर चालेल का? तात्यांनी विचारायला सांगितलेलं नाही. मीच विचारते आहे.

आई


सातारा, १८ डिसेंबर

प्रमोदिनी,

तुझं कार्ड मिळालं. 'आई, तू ये. एकटी ये, हवी तितकी राहा. पण ज्यांनी जिवंत मुलीच्या नावानं अंघोळ केली, त्यांनी तिच्या दारात कशाला यायचं?' कार्ड असल्यामुळे भामाबाईंनीही ते वाचलं. देताना त्यांनी माझा हात क्षणभर धरला.

मागच्या पत्रात मी दोन गोष्टी खोट्या लिहिल्या. नुसतं पाठीचं दुखणं नाही. मणक्यात गाठ आहे, ती वाढते आहे. इथल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की चैत्र पाहतील असं वाटत नाही. तात्यांना हे सांगितलेलं नाही, पण वकिलाला समोरच्याचा चेहरा वाचता येतो. दुसरी खोटी गोष्ट म्हणजे सांगलीचा डॉक्टर. कोणी डॉक्टर नाही. एक दिवस ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "प्रमीला लांबून बघितलं तरी चालेल." मग डॉक्टरचं निमित्त मी काढलं आणि त्यांनी ते ताबडतोब मान्य केलं, जणू कधीपासून ठरलेलंच होतं.

म्हणून मोटार नीट करायची आहे. पाऊणशे मैल आहेत, आणि एकेक धक्का त्यांना कळतो.

नव्या डब्या पुण्यातही मिळत नाहीत. मानसिंगाचं गुऱ्हाळ चालू आहे, तो दोन-तीन दिवसांनी एकदा येतो, जड काम करून जातो. बाकीचं मी करते. तात्यांची खाट ओसरीवर आणली आहे, तिथून शेड दिसते. ते सांगतात, मी करते. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या हाती पाना कधी दिला नव्हता. पहिला नट दोन दिवस हलला नाही. मी रडकुंडीला आले. म्हणाले, रॉकेल घाल आणि चहा घे, जोर करशील तर आटे जातील. चहा घेऊन आले तर नट खरंच सुटला, आणि ते असे हसले की मला तू पहिलीत नंबर काढलास तो दिवस आठवला.

चारही डब्या उघडल्या. आत काळा चिकट गाळ होता. दांडी जिथून बाहेर येते तिथे चामड्याचा वायसर असतो, तेल अडवायला. ते वायसर वाळून खडखडीत झाले होते, तिथूनच सगळं तेल गळलं. नवे वायसर हरणाबाईकडून कापून घेतले. तिचा नवरा पुण्याला लष्करी बुटांच्या कामावर आहे, मागे दुकान ती बघते. तात्यांनी कागदावर माप काढून दिलं होतं. ते म्हणाले होते, वायसर आणले की लगेच कोमट तेलात टाक, आठ प्रहर राहू दे.

ग्लिसरीन मिळत नाही, म्हणून एरंडेल आणि त्यात थोडं स्पिरिट असं मिश्रण केलं. तेल भरताना दांडी हातानं सावकाश वर-खाली करायची. आत हवा राहिली असेल तर मधेच हात रिकामा पडतो. सगळीकडे सारखी जड लागली की झालं. ती जड लागली तेव्हा मला फार बरं वाटलं.

गोदूआत्यांनी या प्रकाराबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. तात्यांच्या थोरल्या बहिणीला धाकट्या भावाच्या शेवटी भांडायचं नसेल.

दार नको म्हणतेस, तर रस्त्यावर भेट. तसंही मोटारीतून उतरायचं त्राण त्यांच्यात नाही.

आई


सातारा, ३० डिसेंबर

प्रमोदिनी,

तुझं उत्तर नाही. मोटार पुन्हा गळली.

बुधवारी सकाळी शेडमध्ये गेले तर मागच्या दोन्ही चाकांखाली तेलाचे डाग, ताटाएवढे. पुढचंही एक ओलं होतं. मानसिंग आला होता. त्यानं वायसर काढून तात्यांच्या हातात दिले. कडक, आकसलेले, कडेला तडे गेलेले. तात्यांनी ते बोटांत वाकवून बघितले आणि मला विचारलं, "याला पाणी लागलं होतं का?"

मी नाही म्हटलं.

मानसिंगानं बहिरा कान आमच्याकडे करून बोनेटवर फडकं मारायला सुरुवात केली. तात्यांनी वायसर खाटेच्या कडेला ओळीनं मांडून ठेवले. उलटतपासणी त्यांनी जन्मभर केली आहे, पण मला दुसरा प्रश्न विचारला नाही.

पाणी लागलं होतं. हरणाबाईच्या दुकानातून मी ते परसदारानं आणले, आणि तेलात टाकायच्या आधी बादलीत बुडवले. दोनदा. मग उन्हात वाळवले, मग तेलात. गोदूआत्या तेव्हा माजघरात निजल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. माझा हात आपोआप बादलीकडे गेला. चांभाराकडून आलेली वस्तू घरात घेताना आपल्याकडे जे करतात, ते मी केलं. माझ्या नवऱ्याच्या पाठीचा कणा त्या चामड्यावर अवलंबून होता, तरी केलं.

पुन्हा हरणाबाईकडे गेले. तिनं एक वायसर हातात घेतला, नाकाशी धरला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पान्यात घातलासा व्हय, वकिलीणबाई?"

मी तिच्या हातातल्या वायसराकडे बघत राहिले.

"आदी पानी प्यालं, मग उनात वाळलं. आता त्याल प्यायला त्याला तोंडच ऱ्हायलं न्हाई." तिनं तो बाजूला टाकला आणि नवं कातडं पुढ्यात ओढलं. "आमचा हात पान्यानं जात न्हाई, बाई. कातडं तेवढं बाद हुतंय."

ती रागानं बोलली नाही. गिऱ्हाइकाला मालाची माहिती द्यावी तसं बोलली. मी तिच्या दुकानात खाली बसले. तिनं बसायला पोतं पुढे केलं, आणि मी म्हणाले की तुमच्यासमोरच तेलात टाकते. घरून एरंडेलाची वाटी नेली होती. तिनं चुलीवर ती कोमट केली आणि एकेक वायसर कापून होईल तसा माझ्या हातात दिला, मी तेलात सोडला. घरी आणून ती वाटी मी स्वयंपाकघरात ठेवली, फळीवर, तुपाच्या भांड्याशेजारी. त्या दिवसापासून गोदूआत्या ओसरीच्या कोपऱ्यात वेगळी शेगडी मांडून स्वतःपुरता भात करतात.  

तात्या आता दिवसातून फार तर दोन तास शुद्धीनं बोलतात, कारण बाकीचा वेळ औषधाची गुंगी असते. त्या दोन तासांत ते विचारतात, वायसर मऊ झाले का, आणि पत्र आलं का.

आई


सातारा, मंगळवार, ९ जानेवारी १९४५

प्रमोदिनी,

मोटार तयार आहे. आठ दिवस झाले, चाकांखालची जमीन कोरडी आहे. काल मानसिंगानं पोवई नाक्यापर्यंत फेरी मारली. मागच्या बाकावर मी आडवी झाले होते, तात्यांच्या जागी, डोळे मिटून. फाटकातला खड्डा आला तेव्हा कुणीतरी खालून हात लावून उचलल्यासारखं झालं आणि सावकाश खाली ठेवलं. सकाळच्या थंडीत मात्र एरंडेल घट्ट होतं आणि मोटार पहिले दोन मैल लाकडासारखी चालते. म्हणून ऊन वर आल्याशिवाय निघायचं नाही असं ठरलं.

आता फक्त तू यायची राहिली आहेस. माझ्या दोन पत्रांना तू उत्तर दिलेलं नाहीस. तुझं म्हणणं मला समजतं. आपल्या नावानं अंघोळ करणाऱ्या बापाला मीही भेटले नसते.

त्यांनी अंघोळ केली नाही.

हे वाक्य लिहायला मी अडीच वर्षं लावली. आता पुढचंही लिहिते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

तू आणि सयाजींनी कचेरीत जाऊन लग्न केलंत, ते मे महिन्यात दुपारी कळलं. तात्यांनी ऐकलं आणि शेडमध्ये गेले. मोटारीखाली तरट टाकून आडवे झाले. मोटारीला काही झालेलं नव्हतं. मी वाकून बघितलं, हातात पाना होता आणि ते नुसते वर बघत होते. मी परसात आले. विहिरीपाशी गोदूआत्या बसल्या होत्या, कुंपणापलीकडे चार-पाच बायका उभ्या होत्या. कुणी तोंड उघडलं नव्हतं. सगळ्या आता या घरात काय होतं ते बघत होत्या. मी बादली भरली आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावर ओतली. तुझं नाव घेतलं. मग दुसरी ओतली.

बायका घरोघर गेल्या आणि म्हणाल्या, वकिलांच्या घरी मुलीच्या नावानं अंघोळ झाली. सांगलीला पोचेपर्यंत ती वकिलांनी केलेली झाली. घरात जे होतं ते पुरुषाच्या नावावर लागतं. तुझं पहिलं पत्र आलं, त्यात 'तात्यांनी केलं ते मी विसरणार नाही, पण आई, तुझा यात काही दोष नाही' असं होतं. मी ते त्यांना वाचून दाखवलं, कारण आता ते खुलासा करतील, मला करायला लावतील असं वाटलं. ते म्हणाले, "असू दे. तिला आई तरी राहू दे."

मी राहू दिली. दर दिवाळीला ते वाक्य यायचं आणि मी ते घ्यायची, एखादीनं दुसरीच्या नावावरची मनिऑर्डर सही करून घ्यावी तशी.

का केलं, ते विचारू नकोस. घाबरले होते म्हणता येईल, पण त्या वेळी मला भीती वाटलेली आठवत नाही. आपण काहीतरी नीट पार पाडतो आहोत असंच वाटत होतं. तेच सांगायला जास्त जड जातं.

शनिवारी, वीस तारखेला आम्ही निघू. सांगलीच्या अलीकडे, आयर्विन पुलाजवळ दुपारी दोनपासून थांबू. तुला माझ्याशी बोलायची गरज नाही. मी मोटारीतून उतरून लांब उभी राहीन. हे पत्र लिहिल्याचं त्यांना सांगितलेलं नाही, आणि तूही सांगू नकोस. त्यांनी जे माझ्यासाठी राखलं, ते मी मोडलं हे त्यांना कळायला नको.

शरयू


सातारा, ११ फेब्रुवारी

प्रमोदिनी,

तार मिळाली असेलच. दोन तारखेला पहाटे गेले. त्रास फार झाला नाही असं डॉक्टर म्हणतात.

तू दहाव्याला आली नाहीस. सयाजी आले, बाहेर उभे राहिले, गोदूआत्यांना नमस्कार करून परत गेले. आत्यांनी आधी नुसतं बघितलं. ते फाटकापाशी गेल्यावर मला म्हणाल्या, "जेवायला तरी थांबवायचंस." तोवर ते वळले होते.

हे पत्र एका गोष्टीसाठी लिहिते आहे. तुला ती माहीत असायला हवी, कारण उद्या कुणी बोललं तर तुझं-माझं सांगणं वेगळं पडायला नको.

पुलाजवळ तू दीड तास मोटारीत बसलीस. मी चिंचेखाली उभी होते. तू आलीस तेव्हा माझ्या अंगावरून गेलीस आणि निघालीस तेव्हाही. बघितलं नाहीस. मी म्हटलंच होतं तसं, त्यामुळे तक्रार नाही. तुमचं दोघांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी विचारणार नाही. काचेतून एवढंच दिसलं की तू त्यांची नखं कापत होतीस. मला गेले दोन महिने ते सुचलं नव्हतं.

तुझ्याकडे येताना कुठे दुखलं नाही त्यांना, हेही सांगते. पेठच्या पुढचा रस्ता तुला माहीत आहे. तिथे त्यांनी डोळे उघडले आणि खालचा आवाज ऐकत राहिले. म्हणाले, चारही खाताहेत.

परत निघालो. आष्ट्यापर्यंत झोपले होते. मग जागे झाले, माझ्या मांडीवर डोकं होतं. विचारलं, "तुम्ही दोघी बोललात ना?"

मी हो म्हटलं.

"कधी? ती तर माझ्यापाशी होती."

मी म्हणाले, तुमचा डोळा लागला होता तेव्हा. ती बाहेर आली, चिंचेखाली बराच वेळ बसलो.

त्यांना खरं वाटलं नसावं. मानसिंगाकडे बघून म्हणाले, काय रे, बोलत होत्या का? मानसिंग तुझ्या येण्यापासून जाण्यापर्यंत बोनेटपाशी उभा होता, त्यानं सगळं बघितलं होतं. रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "बोलत हुत्या की, वकीलसाब. लय येळ. बायकांचं बोलनं, मी कशाला कान देतोय."

मग त्यांनी विचारलं, काय म्हणाली. माझ्याकडे काही नव्हतं. मी म्हणाले, मोटारीचं विचारलंन, एवढं सगळं तू केलंस का म्हणाली. त्यावर? त्यावर मी तिला एरंडेलाचं सांगितलं. हसली का? थोडी हसली. घरात पाणी भरायला लांब जावं लागतं का तिला? नाही, दाराशी नळ आहे म्हणाली. सासू बरी आहे? बरी आहे, भाकरी थापायला शिकवलं म्हणाली. तुला काय म्हणाली, तुला स्वतःला? मी म्हणाले, 'आई, तू वाळलीस' म्हणाली.

कराडला पुलावर मोटार थांबवून मी त्यांना चमच्यानं दूध दिलं. मला वाटलं आता झोपतील. पण घोट संपला की पुन्हा विचारत, आणखी काय म्हणाली? कराडपासून, उंब्रजपासून, दर मैलाला काही ना काही विचारत होते, आणि मी सांगत होते. तू काय शिवतेस, तुला खोकला कसा झाला आणि कशानं बरा झाला, सयाजी रागावले की काय करतात. इतकी सुचत गेलीस मला. शेवटी शेवटी ते विचारायचे थांबले आणि नुसते ऐकत राहिले. तरी मी थांबले नाही. अजिंक्यताऱ्यावर दिवेलागणीचा उजेड दिसेपर्यंत मी तुला बोलत ठेवलं.

शरयू